शांतिमोहिमेचा युद्धसज्जतेवरील भार कसा मोजावा

शांतिमोहिमेवर किती जवान गेले, या एका आकड्यावर थांबू नये. त्याला ढोबळमानाने तिनाने गुणावे, कारण एक तुकडी तिथे पहारा देत असताना दुसरी निघण्याच्या तयारीत असते आणि तिसरी नुकतीच परतून रजा, दुरुस्ती व फेरप्रशिक्षणात गुंतलेली असते.

मग कौशल्यांकडे पाहावे. खरी झीज तिथेच होते. बोस्नियातल्या नाक्यावर महिनोन्‌महिने गाड्या थांबवून कागदपत्रे तपासणारे रणगाडा पथक संयम शिकते, पण धावत्या रणगाड्यातून अचूक मारा करण्याचा आणि तोफखान्याशी मेळ साधत ब्रिगेडने हल्ला चढवण्याचा त्याचा हात बसलेला राहत नाही. (कनिष्ठ अधिकारी मात्र अशा कामात चांगले तयार होतात, हे जमेस धरावे.)

शेवटी, मोठे युद्ध पेटल्यास ही तुकडी किती दिवसांत मोकळी होईल, हे विचारावे. नोव्हेंबर १९९९मध्ये अमेरिकी लष्कराच्या १०व्या माउंटन आणि १ल्या इन्फंट्री डिव्हिजनला सज्जतेची सर्वांत खालची श्रेणी, सी-४, मिळाली. जवान कच्चे होते असे नव्हे. बाल्कनमधल्या (बोस्निया-कोसोव्हो भागातल्या) शांतिमोहिमांत गुंतलेल्या तुकड्या सोडवून, पुन्हा सराव देऊन, ठरल्या मुदतीत रणांगणावर पोहोचवणे जमणारे नव्हते.