डांबरी रस्ता खड्ड्याच्या आधीच बिघडतो: देखभालीतल्या या चुका टाळा

जुलैत पडलेला खड्डा जानेवारीत त्याच जागी भेग म्हणून हजर असतो. जानेवारीत त्या भेगेला थोडं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) आणि थोड्या वेळाचं काम पुरतं. जुलैत तिथेच रस्ता कापून, सुटी खडी काढून नवा माल भरावा लागतो, तोही भर पावसात. शहरातले रस्ते लवकर का उखडतात याचं उत्तर शोधताना आपण डांबराच्या दर्जाकडे बोट दाखवतो. दर्जा महत्त्वाचा आहेच, पण चांगल्या मालाचा रस्ताही चुकीच्या वेळी केलेल्या चुकीच्या दुरुस्तीने हातचा जातो. प्रभागातले कनिष्ठ अभियंते, ठेकेदारांचे सुपरवायझर आणि रस्त्याच्या कामावर उभं राहून लक्ष ठेवणारे नागरिक या सगळ्यांना उपयोगी पडतील अशा चुका इथे घेतल्या आहेत.

भेग दिसूनही वाट बघणे

ऊन आणि हवेने डांबर दरवर्षी थोडं थोडं कडक होतं. काळा रस्ता राखाडी दिसायला लागला आणि झाडताना कडेला बारीक खडी जमू लागली, की त्याची लवचीकता कमी होत आहे असं समजावं. पाया भक्कम असेल तर या टप्प्यावर फॉग सील पुरतो. एसएस-१ प्रतीचं (हळू सुकणारं) इमल्शन तितक्याच पाण्यात पातळ करून चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर फवारायचं आणि पूर्ण सुकेपर्यंत वाहतूक बंद ठेवायची. आधीच गुळगुळीत, डांबर वर आलेल्या रस्त्यावर मात्र हा प्रयोग नको. तिथे इमल्शन मुरत नाही आणि दुचाक्या घसरतात.

साधारण ३ मिमीपेक्षा रुंद भेगा एकेक करून भराव्या लागतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे धुळीने भरलेल्या भेगेवर वरून डांबर ओतणं. ते धुळीला चिकटतं, भेगेच्या भिंतीला नाही, आणि पहिल्या पावसात पापुद्र्यासारखं निघतं. आधी कॉम्प्रेसरच्या हवेने भेग तळापर्यंत साफ करा, ती कोरडी असल्याची खात्री करा आणि मगच खालून वर भरत या. योग्य काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडीत रस्ता आकसतो, भेग उघडी असते आणि माल आतपर्यंत जातो. मे महिन्याच्या उन्हात तीच भेग मिटलेली असते.

मायक्रोसरफेसिंगबद्दलही गैरसमज आहे. हा सुधारित इमल्शन आणि बारीक खडीचा ४ ते ८ मिमीचा थर असतो. तो पाणी अडवतो आणि पृष्ठभागाला पकड देतो, रस्त्याची ताकद वाढवत नाही. खचलेल्या रस्त्यावर तो घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

नमुना न बघता दुरुस्ती ठरवणे

रस्ता कसा फाटला आहे यावरून तो का फाटला ते बहुतेक वेळा कळतं.

मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीची जाळी चाकांच्या पट्ट्यात दिसत असेल, तर खालचा थर किंवा माती हरली आहे. तिथे सील कोट (वरून डांबराचा पातळ हात), २५ मिमीचं कार्पेट (पातळ डांबरी थर), यातलं काहीही टिकणार नाही. तेवढा भाग पूर्ण खोलीपर्यंत काढून पायापासून भरावा लागतो. दख्खनच्या काळ्या मातीवर तर हे हमखास दिसतं. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा थर तिच्याबरोबर हलतो.

कडेला समांतर, सरळ रेषेत जाणारी एकच लांब भेग असेल, तर खाली जुना चर आहे का ते तपासा. दोन पट्ट्यांमधला पेव्हरचा (माल पसरणाऱ्या यंत्राचा) सांधाही अशीच भेग देतो. बस थांब्यावर किंवा सिग्नलजवळ चंद्रकोरीसारख्या भेगा आणि पुढे ढकललेला फुगवटा दिसला, तर वरचा थर खालच्याला चिकटलेला नाही. आणि एकाच जागी भर मे महिन्यात ओलावा किंवा पुन्हा पुन्हा खड्डा दिसत असेल, तर डांबरीकरण बाजूला ठेवून आधी पाणीपुरवठा विभागाला बोलवा. खाली जलवाहिनी गळत असण्याची शक्यता मोठी आहे. गळती न काढता भरलेला खड्डा आठवडाभरही धरत नाही.

मोठ्या रस्त्यावर डोळ्यांचा अंदाज पुरत नाही. बेंकेलमन बीमच्या चाचणीत मागच्या आसावर ८,१७० किलो भार असलेल्या ट्रकच्या चाकाखाली रस्ता किती वाकतो ते मोजतात. मोजणी पावसाळा संपता संपता करावी, कारण तेव्हा माती सर्वांत कमजोर असते. एप्रिलच्या कोरड्या मातीवरचा आकडा दिलासा देतो आणि त्यावरून काढलेली थराची जाडी कमी पडते.

थरावर थर चढवत राहणे

फुटपाथची कड साधारण १५० मिमी उंच असते. ४० मिमीचे चार थर चढले की रस्ता तिच्याही वर जातो. मग पावसाचं पाणी सोसायट्यांच्या फाटकातून आत येतं, पावसाळी गटाराची तोंडं खाली राहतात आणि चेंबरची झाकणं विहिरीसारखी खोल जातात. शिवाय जुन्या थरातली जिवंत भेग नव्या थरातून वर येतेच. ढोबळ ठोकताळा असा की २५ मिमी जाडी चढायला तिला साधारण एक वर्ष लागतं.

उपाय म्हणजे मिलिंग. जेवढा थर घालायचा तेवढा आधी खरवडून काढायचा. खरवडल्यावर राहणारी धूळ झाडू मारून निघत नाही, तिला हवेचा झोत लागतो. चेंबरच्या चौकटी डांबरीकरणाच्या आधी नव्या पातळीला उचलाव्यात आणि त्याखालचं काँक्रीट पक्कं होऊ द्यावं. नंतर उचलायला गेलं की नवा रस्ता पुन्हा फोडावा लागतो आणि प्रत्येक झाकणाभोवती एक खड्डा जन्माला येतो.

खड्ड्यात माल टाकून पुढे जाणे

डंपर येतो, दोन फावडी माल पडतो, वरून फावड्याने थोपटतात किंवा डंपरचंच चाक फिरवतात. असा पॅच का निघतो? खड्ड्याच्या कडा गोल आणि उतरत्या असतात, त्यामुळे नवा माल कडेला पापडासारखा पातळ होतो. तळाशी चिखल असतो. कडेला डांबराचा हात लागलेला नसतो. पाणी त्या फटीतून आत शिरतं आणि प्रत्येक चाक ते पाणी दाबाने खडीच्या आत ढकलतं.

नीट पद्धत अशी आहे:

१. खड्ड्याभोवती भक्कम रस्ता लागेपर्यंत बाहेर जाऊन आयत आखा. त्याच्या दोन बाजू वाहतुकीच्या दिशेला काटकोनात हव्यात.

२. कटरने उभ्या, सरळ कडा कापा. घट्ट थर लागेपर्यंत खाली जा. पाणी उपसा, चिखल आणि सुटी खडी काढून टाका.

३. तळ आणि चारही भिंतींना आरएस-१ (लवकर सुकणाऱ्या) इमल्शनचा पातळ हात द्या. तळाशी डबकं साचू देऊ नका. तपकिरी रंग जाऊन काळा होईपर्यंत थांबा.

४. माल थरांनी भरा. एका थराची दबाईनंतरची जाडी ७५ मिमीपेक्षा जास्त नको. ४० मिमी पक्की जाडी हवी असेल तर सुटा माल सुमारे ५० मिमी टाकावा लागतो.

५. आधी कडा, मग मध्य अशी प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा छोट्या रोलरने दबाई करा. पूर्ण झालेला पॅच आजूबाजूपेक्षा ३ ते ५ मिमी वर राहू द्या, वाहतुकीने तो खाली बसतो.

६. सांध्यावर इमल्शन लावून वर बारीक ग्रिट (खडीचा चुरा) टाका.

मालाचा हिशोबही करून पाहा. १ मीटर लांब, ८०० मिमी रुंद आणि ७५ मिमी खोल खड्ड्याला ०.०६ घनमीटर पक्का माल लागतो. घनता घनमीटरला २.३५ टन धरली तर सुमारे १४० किलो. म्हणजे २५ किलोची एक पिशवी ओतून असा खड्डा ‘भरला’ अशी नोंद होत असेल, तर ती नोंद खोटी आहे.

पावसात गरम माल वापरू नका. ओल्या तळाला तो चिकटत नाही आणि लगेच थंड होतो. तेव्हासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:११६ या मानकाप्रमाणे तयार केलेला पिशवीतला कोल्ड मिक्स (गरम न करता वापरायचा माल) किंवा मास्टिक (डांबर आणि बारीक भुकटीचा ओतता येणारा माल). मुंबईत मास्टिक बरंच वापरलं जातं. ते कुकरमध्ये २०० अंशांच्या आसपास शिजवून ओततात आणि त्याला रोलर लागत नाही. पण त्यालाही कोरडा, साफ तळ लागतोच, तळात पाणी असेल तर वाफेने बुडबुडे येतात. पेव्हर ब्लॉक मात्र डांबरी रस्त्यात बसवू नयेत. त्यांच्या फटींतून पाणी खालच्या भुकटीत जातं आणि ब्लॉकभोवतीचं डांबर आधी सुटतं.

टॅक कोट, तापमान आणि रोलर

जुन्या डांबरी पृष्ठभागावर टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटवणारा इमल्शनचा हात) चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो हवा. ७ मीटर रुंद, १०० मीटर लांब रस्त्याला पाव किलोच्या हिशोबाने १७५ किलो, म्हणजे २०० लिटरचं जवळपास एक पिंप. डबड्याला भोकं पाडून शिंपडलं की कुठे कोरडं राहतं, कुठे थारोळं होतं. कोरड्या जागी थर सुटतो, थारोळ्यावर तो घसरतो. फवारणी यंत्रानेच करा.

त्याच १०० मीटरला ४० मिमी जाडीचा थर घालायचा तर सुमारे ६६ टन माल लागतो. डंपरची वजनपावती मागून ही बेरीज कुणीही करू शकतं. जाडी चोरली असेल तर ती इथेच पकडली जाते.

व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस आणि रोलरचं काम संपताना किमान ९० अंश गरम हवा. प्लांट शहराबाहेर आणि डंपर ताडपत्रीविना वाहतुकीत अडकला, की वरचा थर गोळे होऊन थंडावतो. ते गोळे पेव्हरमधून खरखरीत, सच्छिद्र पट्टे म्हणून बाहेर येतात आणि खडी तिथूनच सुटते. डंपरमध्ये थर्मामीटर खुपसून बघा, वाफेवरून अंदाज करू नका. याच्या उलट, डंपरमधून निळसर धूर येत असेल तर माल करपला आहे. त्यातलं डांबर रस्त्यावर येण्याआधीच म्हातारं झालं आहे, तो परत पाठवा. माल चिकटू नये म्हणून डंपरच्या हौद्याला डिझेल फासण्याची सवय फार वाईट आहे. डिझेल डांबर विरघळवतं.

दबाईचा क्रम: आधी ८ ते १० टनांचा लोखंडी रोलर, मग हवेच्या टायरचा, शेवटी खुणा पुसायला पुन्हा लोखंडी. कडेपासून मध्याकडे जायचं, ताशी ५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको. गरम थरावर रोलर उभा ठेवून चहाला गेलं की तिथे बसलेला खळगा कायमचा राहतो. टायरचा रोलर अनेक कामांवर आणलाच जात नाही. तो माल मळल्यासारखा दाबतो आणि वरची छिद्रं बंद करतो. पावसाच्या प्रदेशात त्याशिवाय काम घेऊ नये.

खोदाईचा चर

केबल, गॅस, ड्रेनेज अशा कुठल्याही कारणाने नव्या रस्त्यात चर पडला की त्या पट्ट्याचं आयुष्य कमी होतं. ते किती कमी होईल हे मात्र चर कसा भरला यावर ठरतं. जेसीबीच्या दाताने डांबर उचकटलं की चराच्या बाहेरचा थरही सुटा होतो, म्हणून आधी कटरने रेघ मारावी. निघालेली माती, राडारोडा आणि तुटलेलं डांबर तसंच परत लोटू नये. मुरूम किंवा जीएसबीचा (रस्त्याच्या पायात घालतात तो खडीचा) माल १५० मिमीच्या थरांत, थोडा ओलसर करून, प्रत्येक थर रॅमरने ठोकून भरावा. रॅमर उतरत नाही इतक्या अरुंद चरात कमी सिमेंटचं काँक्रीट बरं.

शेवटी डांबराचा थर चराच्या दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी जास्त रुंद कापून घालावा. ६०० मिमीच्या चरावर ९०० मिमीचा पट्टा आला की सांधा चराच्या बरोबर वर न येता न हललेल्या जमिनीवर बसतो. वरून चर बुजवून महिनाभराने त्याची घळ झाली, तर वर डांबर ओतून ती लपवू नका. दबाई झालेली नाही, चर पुन्हा उघडावा लागेल. डांबरीकरणाच्या वेळापत्रकावर पाणी, ड्रेनेज आणि वीज विभागांच्या सह्या आधी घेतल्या तर निम्मी खोदाई टळते.

पाणी बाहेर काढण्याकडे दुर्लक्ष

७ मीटर रस्त्याला २.५ टक्के उतार म्हणजे मध्यापेक्षा कड ८७ मिमी खाली. दोरी आणि टेपने हे पाच मिनिटांत मोजता येतं. उतार बरोबर असूनही पाणी साचत असेल तर गटाराच्या जाळ्या बघा. मे महिन्यात काढलेला गाळ गटाराच्या काठावरच ढिगाने ठेवला, तर पहिल्या सरीत तो पुन्हा आत जातो. गाळ त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण नेहमी निघतं. १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने तो हॉट मिक्स पद्धतीने दहा वर्षांच्या हमीवर केला आणि हमी संपल्यावरही तो वर्षानुवर्षं टिकला. असा टिकाऊपणा मिळवायला गुप्त मसाला लागत नाही. पाया, तापमान, दबाई आणि निचरा या चारही गोष्टी एकाच रस्त्यावर बरोबर जमाव्या लागतात.

बस थांबे आणि सिग्नल

इथे वाहनं उभी राहतात, ब्रेक दाबतात, तेल गाळतात. बाकीच्या रस्त्याचाच माल इथे घातला तर उन्हाळ्यात चाकोऱ्या पडणारच. तेवढ्या ३० ते ४० मीटरांत व्हीजी-४० (व्हीजी-३० पेक्षा कडक) किंवा सुधारित डांबर, नाहीतर सरळ काँक्रीट घ्यावं. डांबर वर येऊन चकाकत असेल तर तात्पुरता उपाय म्हणून गरम केलेली बारीक ग्रिट पसरून रोल करा. नुसती माती टाकू नका, पावसात तिचा निसरडा चिखल होतो.

नोंद न ठेवणे

प्रत्येक रस्त्याचं एक पान हवं: थर कधी घातला, किती जाडीचा, कोणत्या डांबराचा, चर कुठे आणि कधी पडला, दोषदायित्व कालावधी (ज्यात बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो) कोणत्या तारखेला संपतो. त्या तारखेच्या तीन महिने आधी ठेकेदाराला सोबत घेऊन रस्ता पायी फिरा. प्रत्येक भेग, घळ आणि उखडलेली कड फोटोसह लिहून काढा आणि ठेकेदाराला लेखी कळवा. मुदत संपल्यावर तोच पॅच महापालिकेच्या खर्चात जमा होतो.