शतक कोणत्या वर्षी सुरू होते आणि कधी संपते, हे कसे ठरवावे

मराठवाड्यात कडबा शेकड्याने विकला जातो. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा आणि वीस पाचुंद्यांचा एक शेकडा. ट्रॅक्टरमध्ये भरताना विसाव्या पाचुंद्याची पाचवी पेंढी पडते तेव्हाच शेकडा भरतो. नव्याण्णव पेंढ्यांवर कोणी पूर्ण शेकड्याचे पैसे देत नाही आणि शंभरावी पेंढी कोणी पुढच्या शेकड्यात धरत नाही. शतकाचा हिशेब असाच आहे. तरीही १ जानेवारी २००० रोजी जगभर नव्या शतकाचे स्वागत झाले, आणि गावाच्या किंवा देवस्थानाच्या इतिहासाच्या पुस्तिकांत आजही शतके चुकलेली आढळतात.

सर्वप्रथम मोजणी कोठून सुरू झाली ते पाहावे. डायोनिसियस एक्सिगस या मठवासी विद्वानाने सहाव्या शतकात इसवी सनाची मांडणी केली, आणि तीत शून्य हे वर्ष नाही. इसवी सनपूर्व १ संपले की लगेच इसवी सन १ लागते. म्हणून पहिले शतक १ ते १००, विसावे १ जानेवारी १९०१ ते ३१ डिसेंबर २००० आणि एकविसावे १ जानेवारी २००१ पासून. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, पण तेही शून्यावे नव्हे, पहिलेच माप असते.

त्यानंतर दिलेल्या वर्षातून एक वजा करावा, उरलेल्या संख्येचे शेवटचे दोन अंक सोडावेत आणि राहिलेल्या अंकांत एक मिळवावा. मराठवाडा मुक्त झाला ते १९४८ घ्या : एक वजा करून १९४७, दोन अंक सोडून १९, एक मिळवून विसावे शतक. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली, ती याच रीतीने सतराव्या शतकात येते. ‘सोळाशे’ ऐकून सोळावे शतक लिहिण्याची चूक येथेच सर्वाधिक होते. खरी परीक्षा दोन शून्यांच्या वर्षाची असते. २००० मधून एक गेला की १९९९ उरतात आणि उत्तर विसावे येते.

इसवी सनपूर्व काळात क्रम उलटा चालतो. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील मानली जातात. हे शतक २०० मध्ये सुरू होऊन १०१ मध्ये संपते.

मग एवढ्या सोप्या गोष्टीत घोळ का होतो? कारण आपण वय सरलेल्या वर्षांत सांगतो आणि सन चालू वर्षात. दहा वर्षांच्या मुलाला अकरावे लागलेले असते. सन १९४८ मात्र त्या मोजणीचे चालू असलेले १९४८ वे वर्षच असते. मुक्तिसंग्रामाचे अमृतमहोत्सवी वर्ष १७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले, म्हणजे पंचाहत्तरावे वर्ष लागले. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी. त्यामुळे शताब्दीच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘शंभरावे वर्ष’ आणि ‘शंभर वर्षे पूर्ण’ यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, ते छापण्यापूर्वी ठरवावे.

शालिवाहन शकाला वरची रीत डोळे झाकून लावू नये. वेरूळचे कैलास लेणे खोदवणाऱ्या राष्ट्रकूटांच्या लेखांत ‘शकनृपकालातीत’ असा शब्द येतो. अतीत म्हणजे सरलेली वर्षे, आणि पंचांगातही शक सामान्यतः असाच सरलेल्या वर्षांचा धरतात. या गणनेने १९७८ च्या पाडव्याला शकाची १९०० वर्षे सरली आणि त्याच दिवशी शकाचे विसावे शतक लागले. येथे एक वजा करण्याची गरज नाही. शेवटचे दोन अंक सोडून एक मिळवला की पुरे.

निजामकालीन जमिनीच्या कागदावर फसली साल, म्हणजे महसुलासाठी वापरले जाणारे साल असेल, तर आधी त्यात ५९० मिळवावेत. फसली १३५७ ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झाले. कागद त्यापुढील जानेवारी ते सप्टेंबरमधला असेल तर ५९१ मिळवावेत, आणि मगच शतक काढायला बसावे.