अक्षरं येतात, पण शब्द वाचता येत नाही: घरी वाचायला कसं शिकवावं

मुलाला क ते ज्ञ पाठ असतं, तक्त्यावर बोट ठेवलं की अक्षरही ओळखता येतं. पण समोर 'नळ' लिहिला की ते 'न... ळ...' म्हणतं आणि आपल्याकडे बघत बसतं. माझ्या मुलांच्या वेळी हे पाहिलं, मग भाचरांच्या आणि शेजारच्या मुलांच्या वेळीही. दर वेळी घरातलं कुणीतरी सांगतं, 'आधी बाराखडी पक्की करून घ्या.' हा सल्ला ऐकू नका. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची १२ रूपं धरली तर चारशेच्या वर रूपं होतात. ती सगळी पाठ होईपर्यंत एकही शब्द वाचायचा नाही, असं ठरवलं तर मुलाचा वाचनातला रस तिथेच संपतो. त्याऐवजी या सात पायऱ्यांनी जा.

१. वाचून दाखवणं. रोज, मुलाला आवडेल ते. मूल स्वतः वाचायला लागलं तरी हे थांबवू नका.

२. आवाज ओळखणं. पुस्तकाशिवाय, येता-जाता. 'म'ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधायच्या, 'बस'मध्ये शेवटी काय ऐकू येतं ते विचारायचं. आठवडाभर पुरे.

३. थोडी अक्षरं, क्रम सोडून. न, म, र, ल, स, व, ब, घ, ळ एवढ्यांनी सुरुवात करा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ड आणि ढ अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. पहिलं पक्कं झालं की दुसरं आणा. (वरच्या यादीत ब आणि व दोन्ही आहेत, तेव्हा त्यांच्यात काही दिवसांचं अंतर ठेवा.) अक्षराशेजारी चित्र नको. 'ब बदकाचा' असं शिकलेलं मूल 'बस' वाचताना ब दिसला की बदक म्हणतं. अक्षरं उलटसुलट विचारा. क्रमाने म्हणता येणं म्हणजे ओळखता येणं नव्हे.

४. अक्षरं जोडून शब्द वाचणं. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागला, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. त्याचं कारण आपल्या बोलण्यात आहे. आपण 'घर' लिहितो तेव्हा र पूर्ण असतो, पण बोलताना त्यातला शेवटचा अ गाळतो. मूल मात्र शिकवल्याप्रमाणे दोन्ही अक्षरं पूर्ण म्हणतं. त्यातून जे निघतं ते 'घर' नसतं, फार तर 'घरं'सारखं ऐकू येतं. ओळखीचा शब्द कानावर पडतच नाही, मग मूल तो ओळखणार कसं? अशा वेळी 'जोडून म्हण, जोडून म्हण' असा धोशा लावला तर ते रडकुंडीला येतं. दोन सुटे आवाज जोडायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून करून दाखवा. आवाज लांबवता येतो अशा अक्षराने सुरू होणारे शब्द घ्या: मन, नळ, रस, सर, वर. एका जाड कागदाने शब्द झाका, पहिलं अक्षर उघडा आणि 'मऽऽऽ' म्हणत राहा. आवाज न तोडता कागद सरकवा आणि 'न' हे अक्षर दिसलं की त्याच्यावर आवाज थांबवा: 'मऽऽन्'. मधे श्वास घ्यायचा नाही, हाच सगळा मुद्दा. आधी तुम्ही म्हणा, मग दोघं मिळून, मग मूल एकटं. क, ट, प यांनी सुरू होणारे शब्द नंतर आणा, कारण ते आवाज अ शिवाय धरून ठेवता येत नाहीत.

दोन अक्षरी शब्द जमले की तुकडे पाडायला शिकवा. तीन साधी अक्षरं असतील तर पहिलं वेगळं आणि पुढची दोन एकत्र: ग-वत, ब-दक, म-गर. चार असतील तर दोन-दोन: गड-बड, कर-वत, अड-गळ. पुढे काना-वेलांटी शिकवून झाली की, तीन अक्षरांतल्या शेवटच्याला काना किंवा वेलांटी असेल तर पहिली दोन बहुतेक वेळा एकत्र येतात: बक-री, कप-डा, तब-ला. हा नियम मुलाला तोंडपाठ करायला लावू नका. पेन्सिलीने शब्दाखाली दोन कमानी काढून द्या, काही दिवसांत त्यांची गरज उरत नाही.

या टप्प्यावर रोज १० मिनिटं, त्याहून जास्त नाही. मूल अडलं तर लगेच शब्द सांगू नका, मनातल्या मनात पाच मोजा. तरीही अडलं तर पहिला तुकडा तुम्ही म्हणा. आणि चित्राकडे बघून अंदाजाने शब्द सांगायची सवय दिसली, तर चित्र हाताने झाका. अंदाज बरोबर आला तरी ते वाचन नाही.

५. काना आणि इतर चिन्हं. आधी फक्त काना, तोही शब्दांतच: मान, नाव, मासा, वारा. 'म ला काना मा, स ला काना सा, मासा' हा पाढा घरात बंद करा. शब्दाच्या शेवटी पोहोचेपर्यंत मूल सुरुवात विसरलेलं असतं. मा हा एकच आवाज म्हणून डोळ्यांना ओळखू द्या.

काना आला की चिठ्ठ्या लिहा. 'हात वर कर.' 'दार लाव.' 'डावा कान धर.' मूल वाचतं आणि तसं करतं. तुम्हाला कळतं की अर्थ पोहोचला, आणि मुलाला कळतं की वाचल्याने काहीतरी घडतं. माझ्या अनुभवात यासारखं दुसरं साधन नाही.

मग दुसरी वेलांटी, मात्रा, ओकार, उकार. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या. ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर बोलली जाते, त्यामुळे डावीकडून वाचायला नुकतंच शिकलेलं मूल गोंधळतं. 'दिवा', 'चिमणी' वाचताना कागदाने वेलांटी आणि अक्षर एकदमच उघडा. च आणि ज यांच्या दोन उच्चारांची काळजी नको. 'चार' आणि 'चाक' हे शब्द कानाला ओळखीचे असले की मूल उच्चार आपोआप नीट करतं.

६. जोडाक्षरं. आधी तेच अक्षर दोनदा असलेली (पक्का, कच्चा), मग उभी रेघ गाळून होणारी (पुस्तक, म्हण), आणि र ची रूपं सगळ्यांत शेवटी: सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या. एका वेळी एकच रूप.

७. ओघ. तीच छोटी गोष्ट तीन-चार दिवस वाचू द्या. पाठ झाली तरी हरकत नाही, मधलंच एखादं वाक्य विचारून खात्री करा. वाचून झाल्यावर 'काय झालं?' एवढंच विचारा, प्रश्नपत्रिका नको.

मूल पुस्तक नाकाजवळ धरत असेल, ओळ सारखी हरवत असेल किंवा बोललेलं पुन्हा सांगायला लावत असेल, तर शिकवणं थांबवून आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तेही ठीक असून काही महिने नियमित सराव केल्यावरही दोन अक्षरी शब्द जुळत नसेल, तर त्याला आळशी म्हणू नका. अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या अडचणीची) तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून ते लांबणीवर टाकू नका.