लाकडी फ्लोअरिंग: या चुका टाळा

लाकडी फ्लोअरिंगची वाट लावण्यात पहिला नंबर बादलीचा. लादी पुसतात तसंच लाकूडही पुसलं जातं: फिनाईलचं पाणी आणि निथळता पोछा. लादीला त्याचं काही वाटत नाही. लाकडात मात्र पाणी सांध्यांतून खाली उतरतं आणि तिथे अडकून बसतं. पट्टीची खालची बाजू फुगते, वरची कोरडी राहते, मग दोन्ही कडा उचलल्या जातात आणि मधला भाग खोलगट होतो. अनवाणी चालताना प्रत्येक सांधा तळव्याला लागायला लागला, की समजायचं पाणी खाली गेलंय.

खरी महाग चूक यापुढे होते. ऐन जुलैत कडा उचललेल्या दिसल्या की लोक घाईघाईने पॉलिशवाल्याला बोलावतात. तो मशीन फिरवून कडा घासून सपाट करतो, वर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात मारतो. गणपतीत फ्लोअरिंग झकास दिसतं. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड सुकतं, पट्ट्या मूळ आकाराला येतात, पण कडा तर घासून गेलेल्या! आता मधला भाग उंच, कडा खाली. पुन्हा घासायचं म्हणजे आणखी जाडी गेली. सागाची 18-20 मिमीची सलग फळी असेल तर हे तीन-चारदा निभावतं. इंजिनिअर्ड वुड म्हणजे प्लायवुडवर खऱ्या लाकडाचा थर; तो 3-4 मिमीचा असेल तर एखाद-दुसऱ्या वेळी. थर 1 मिमीच्या आतला असेल तर मशीन लावूच नका, खालचं प्लायवुड उघडं पडतं. आणि लॅमिनेटवर लाकूड नसतंच, छापील कागद असतो.

तेव्हा आधी ओल कुठून येतेय ते शोधा. पोछा, एसीचा ड्रेन पाइप, बाथरूमचा उंबरठा, पावसाच्या बाजूची खिडकी, या क्रमाने बघा. ते बंद करा, एसी ड्राय मोडवर ठेवा किंवा डिह्युमिडिफायर लावून खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत आणा, आणि दोन-तीन महिने थांबा. बऱ्याच पट्ट्या आपोआप बसतात. पॉलिशवाला कितीही मागे लागला तरी दिवाळीआधी मशीन नको. फुगलेलं लॅमिनेट मात्र कधीच बसत नाही, पट्टीच बदलावी लागते. म्हणून काम करून घेतानाच एक जादा बॉक्स घेऊन ठेवा.

पुसायचं कसं? आधी मऊ झाडूने वाळू-माती पूर्ण काढा, कारण ओरखडे तीच पाडते. मग मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. मागे राहिलेली ओल मिनिटभरात उडायला हवी. आठवड्यातून एकदा पुरे. कामाला येणाऱ्या मावशींना यासाठी वेगळ्या रंगाचं फडकं द्या आणि लादीचा पोछा त्या खोलीत येऊच देऊ नका.

व्हिनेगर-लिंबाचे घरगुती उपाय विसरा, आम्लाने पॉलिशची चकाकी जाते. स्टीम मॉप तर नकोच, वाफ सांध्यात घुसते. खोबरेल तेल चोळलं की धूळ चिकटते. पीयूवर वॅक्स लावलं तर पुढचा हात धरत नाही. खुर्चीची कडक नायलॉनची चाकं बदलून रबरी लावा, टेबलाच्या पायांना फेल्ट चिकटवा.

पॉलिश संपलंय का, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. दारापाशी एक थेंब टाका. दहा मिनिटांत लाकूड काळपट झालं, तर तिथे पॉलिश उरलेलं नाही. ही वेळ येण्याआधीच, चकाकी नुसती मंद झाली असताना, 220 नंबरच्या सँडपेपरने हलकं घासून एक हात मारून घ्यावा. चालढकल केली की सगळं लाकडापर्यंत घासावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसतात. त्यांत पुट्टी भरू नका. पावसाळ्यात लाकडाला फुगायला तीच जागा लागते. भिंतीलगत स्कर्टिंगखालीही (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) 8-12 मिमी फट हवी. ती न सोडता काम केलं असेल तर पावसाळ्यात पट्ट्या खोलीच्या मधोमध तंबूसारख्या उभ्या राहतात. अशा वेळी वरून वजन ठेवून किंवा खिळे ठोकून काही होत नाही. स्कर्टिंग काढून भिंतीकडची पट्टी कापून घ्या.