पांढऱ्या लेगहॉर्नची पितळी झाक कशी घालवली

मानेवर, पाठीवर पितळी झाक असलेला पांढरा लेगहॉर्न जातीचा कोंबडा प्रदर्शनात मागे पडतो. आमच्या इंदुरात एप्रिल-मेचं ऊन आणि खाण्यातला पिवळा मका, दोन्हींनी पांढरं पीस पिवळं पडतं. पण दोष रक्तातलाही असू शकतो. ते ओळखायला मी माझ्याकडच्या थोरल्या आणि धाकट्या, दोन्ही नरांच्या मानेची थोडी पिसं उपटली, त्यांना सावलीत ठेवलं, मका बंद करून ज्वारी दिली. नवी पिसं भरायला दीड-दोन महिने लागतात, धीर हवाच. धाकटा शुभ्र निघाला, थोरला पुन्हा पितळी! म्हणजे त्याच्यात सोनेरी जनुक. लेगहॉर्नचा पांढरा रंग काळ्याला चांगला झाकतो, सोनेरीला पुरता नाही.

हे जनुक लिंगाशी जोडलेलं. कोंबड्यात त्याच्या दोन जागा, कोंबडीत एकच, आणि तलंगेला, म्हणजे तरुण कोंबडीला, ते बापाकडूनच मिळतं. म्हणून नर निवडताना दयामाया नको. थोरल्याला पैदाशीतून काढलं तेव्हा शेजारच्या वहिनी हळहळल्या, "अहो, किती देखणा आहे तो!" देखणा होताच.

धाकट्याच्या तलंगा मानेपासून शेपटीपर्यंत दुधासारख्या पांढऱ्या आहेत. पिसं झडून नवी येताना मात्र मका अजूनही देत नाही, कारण पीस वाढतानाच मक्याचा पिवळेपणा आत उतरतो.