किलोमीटर आणि उशीर: टेम्पोच्या फेऱ्यांचा संग्रह कसा बांधावा

नागपुरातील कळमन्याच्या बाजारातून निघालेल्या टेम्पोने इतवारी, महाल, सीताबर्डी आणि धरमपेठ या भागांतील 20 दुकानांना संत्री पोहोचवायची असतील, तर थांब्यांचे संभाव्य क्रम सुमारे 24 वर 17 शून्ये इतके होतात. ते सगळे तपासणे अशक्य असल्यामुळे ह्युरिस्टिक शोध, म्हणजे सगळे पर्याय न तपासता पुरेसा चांगला पर्याय शोधण्याची रीत, वापरावी लागते. त्यातच अंतर आणि एकूण उशीर (दुकानांना ठरल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचण्याची मिनिटे) ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात.

सुरुवातीलाच दोन्हींना भारांक (महत्त्वानुसार गुणक) देऊन त्यांची एक बेरीज करण्याचा मोह टाळावा. समजा, क ही फेरी 40 किलोमीटरची असून तिच्यात 90 मिनिटे उशीर होतो, ख 60 किलोमीटर व 40 मिनिटांची, तर ग 52 किलोमीटर व 68 मिनिटांची आहे. ग दोघींच्या मधली आणि मालकाला कदाचित सर्वांत पटणारी फेरी आहे. पण भारांक कोणतेही घेतले तरी तिची बेरीज क किंवा ख यांपैकी एकीपेक्षा जास्तच निघते, म्हणून ती हाती लागत नाही.

त्याऐवजी चांगल्या फेऱ्यांचा संग्रह ठेवावा. एक फेरी कोणत्याही उद्दिष्टात दुसरीपेक्षा वाईट नसेल आणि निदान एकात सरस असेल, तर दुसरी बाद करावी. उरतात त्या पॅरेटो फेऱ्या. प्रत्येक वेळी जवळचे दुकान निवडत पहिली फेरी रचावी, मग टू-ऑप्ट या रीतीने तिचा एखादा तुकडा उलटा करून किंवा एक थांबा दुसरीकडे हलवून शेजारच्या फेऱ्या काढाव्यात, आणि संग्रहातील फेरीमुळे बाद न होणारी प्रत्येक नवी फेरी आत घेऊन तिच्यामुळे बाद होणाऱ्या जुन्या काढून टाकाव्यात. तुकडा उलटा केल्यावर पुढच्या सर्व थांब्यांच्या वेळा पुन्हा मोजाव्यात. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांवर अंतरही बदलते, आणि इतवारीच्या बोळांत टेम्पो उलट्या दिशेने नेणे कागदावरच सोपे असते.

ज्या फेरीचे शेजार तपासून झाले तिच्यावर खूण करावी. सगळ्यांवर खुणा झाल्या की शोध अडकला असे समजून एखाद्या फेरीतील काही थांबे यदृच्छेने विस्कटावेत आणि पुन्हा सुरू करावे.

तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेले कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांची 2002 मध्ये प्रसिद्ध झालेली एनएसजीए-टू ही, उत्क्रांतीच्या धर्तीवर उत्तरांच्या पिढ्या घडवणारी, पद्धतही येथे चालते. मात्र दोन फेऱ्यांचा संकर करताना, म्हणजे त्यांचे भाग जोडून नवी फेरी रचताना, क्रम राखणारी रीत घ्यावी, कारण साध्या कापाजोडीत एक दुकान दोनदा येते आणि दुसरे सुटते. माझ्या मते 20 दुकानांसाठी आधीची साधी पद्धत पुरेशी आहे. शेवटी मालकाला सहनीय उशिराची मर्यादा विचारावी आणि तिच्या आत बसणाऱ्या फेऱ्यांपैकी सर्वांत कमी अंतराची फेरी चालकाच्या हाती द्यावी.