व्हायब्रेशन मशीन: घ्यायचे की नाही, आणि त्यावर उभे राहायचे कसे

व्हायब्रेशन मशीन म्हणजे ज्याच्या थरथरणाऱ्या पाट्यावर उभे राहून व्यायाम करायचा असे यंत्र. त्याबद्दल विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात: वजन उतरेल का, आणि दुखरे गुडघे किंवा अशक्त पाय सुधारतील का. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. यंत्रावर नुसते उभे राहिल्यास साध्या उभे राहण्यापेक्षा ऊर्जा थोडी अधिक खर्च होते, पण झपझप चालण्याची बरोबरी ती करत नाही. आणि चरबी हलवली म्हणून ती विरघळत नाही. कमरेला पट्टा अडकवून पोट थरथरवणारी जुनी यंत्रे याच गैरसमजावर विकली गेली. २०१७ मध्ये कंपनाचा परिणाम ट्रेडमिलवर धावण्याइतकाच होतो अशा बातम्या झळकल्या होत्या, परंतु तो प्रयोग जनुकीय दोषामुळे लठ्ठ आणि मधुमेही असलेल्या उंदरांवरचा होता. केवळ वजनासाठी यंत्र घेऊ पाहणाऱ्याने विचार इथेच सोडून द्यावा.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागतो, कारण त्याचे उत्तर यंत्र कोणते, उभे कोण राहणार आणि उभे राहून करणार काय, या तिन्हींवर अवलंबून असते. पाटा खाली-वर होऊ लागला की पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू दर हेलकाव्याला किंचित ताणले जातात. तो ताण स्नायूंमधील संवेदी तंतू टिपतात आणि मज्जारज्जूमार्फत स्नायू आपोआप आकुंचन पावतो. स्नायूवर थेट कंपन दिले असता होणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया स्वीडनमधील हागबार्थ आणि एक्लुंड यांनी १९६६ मध्ये मांडली. ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळा हलताना, पाटा मिनिटाला १८०० वेळा खाली-वर होतो, म्हणून व्यायामाचा भार वाढतो हे खरे. पण भार वाढवायला आधी काही व्यायाम चालू असावा लागतो, हे जाहिरातीत सहसा सांगितले जात नाही.

आधी दोन आकडे पाहावेत

यंत्राची मोटर किती वॉटची, त्यात किती प्रोग्रॅम, रिमोट आहे की नाही, हे सगळे दुय्यम आहे. दोनच आकडे विचारावेत: पाटा सेकंदाला किती वेळा हलतो, म्हणजे वारंवारता, आणि सर्वांत खालच्या बिंदूपासून सर्वांत वरच्या बिंदूपर्यंत तो किती मिलिमीटर जातो. वारंवारतेचा वर्ग करावा, त्याला एकूण हालचालीच्या मिलिमीटरने गुणावे आणि ५०० ने भागावे. जे उत्तर येईल तितक्या पट गुरुत्वाकर्षणाइतके कमाल त्वरण पाट्यावर मिळते. ३० हर्ट्झ आणि ४ मिलिमीटर असल्यास ते ७.२ पट येते, तर हालचाल तितकीच ठेवून वारंवारता १२ हर्ट्झवर आणल्यास जेमतेम १.१५ पट. बाहेरून सारखीच दिसणारी दोन यंत्रे प्रत्यक्षात किती वेगळी असू शकतात, हे या एका गणितावरून कळते. अनेक पत्रकांत ‘आयाम’ म्हणून एक आकडा दिलेला असतो, आणि तो मध्यबिंदूपासूनचा की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा याचा उल्लेख नसतो. त्या एका शब्दाने उत्तर दुप्पट किंवा निम्मे होते, म्हणून ते स्पष्ट विचारून घ्यावे.

पत्रकावर विश्वास नसेल, आणि स्वस्त यंत्राच्या बाबतीत तो नसणेच बरे, तर हालचाल स्वतः मोजता येते. पाट्याच्या उभ्या कडेवर कागदाची पट्टी चिकटवावी, शेजारच्या जड स्टुलावर पेन आडवे ठेवून घट्ट धरावे आणि यंत्र चालू असताना त्याचे टोक कागदाला क्षणभर हलकेच टेकवून काढून घ्यावे. कागदावर उमटलेल्या उभ्या रेघेची लांबी पट्टीने मोजली की टोकापासून टोकापर्यंतची हालचाल मिळते. हे मोजताना पाट्यावर माणूस उभा असणे आवश्यक आहे, कारण रिकाम्या पाट्यावर ४ मिलिमीटरची रेघ काढणारे दुबळे यंत्र वजन पडताच निम्म्यावर येऊ शकते. वारंवारतेसाठी फोनमधील त्वरणमापकाचे एखादे ॲप पुरेसे असते. फोन पाट्यावर टेपने पक्का बसवावा, नाहीतर तो उड्या मारतो आणि आकडे निरर्थक येतात.

यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात संपूर्ण पाटा एकाच वेळी सरळ खाली-वर होतो. दुसऱ्यात तो सी-सॉसारखा मधल्या आसावर डोलतो, त्यामुळे एक पाय वर असताना दुसरा खाली असतो आणि चालताना जसे कटिभाग आळीपाळीने कलतो तसे काहीसे घडते. या दुसऱ्या प्रकारात कटिभागाच्या कलण्याने कंपन वाटेतच बरेच जिरते व डोक्यापर्यंत कमी पोहोचते. शिवाय पाय आसाच्या जितके जवळ, तितकी हालचाल लहान. म्हणजे बटणाला हात न लावता, केवळ पाय जवळ किंवा दूर ठेवून भार कमी-जास्त करता येतो. पुनर्वसनासाठी निवड करायची झाल्यास मला हाच प्रकार अधिक सोयीचा वाटतो.

उपयोग कोणाला होतो

बसून राहणाऱ्या, व्यायामाची सवय नसलेल्या माणसाच्या पायांची ताकद अशा यंत्रावर काही महिने उठाबशा केल्याने वाढते. पण तीच ताकद वजने उचलूनही वाढते, आणि ज्याला वजने उचलता येतात त्याला यंत्रापासून फार काही अधिक मिळत नाही. खरा उपयोग होतो तो ज्यांना पुरेसा भार उचलणे किंवा फार वेळ व्यायाम करणे जमत नाही अशांना. फुप्फुसांच्या सीओपीडी या आजाराचे रुग्ण लवकर धापा टाकू लागतात. त्यांच्या एका जर्मन चाचणीत, पाट्यावर उठाबशा करणाऱ्या गटाचे सहा मिनिटांत चाललेले अंतर जमिनीवर त्याच उठाबशा करणाऱ्यांपेक्षा सरासरी २७ मीटर अधिक वाढले. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे, हा विकार असलेल्या मुलांच्या उपचारातही डोलणाऱ्या पाट्याचा वापर होतो, अर्थात इतर व्यायामांच्या जोडीने. बर्लिनमध्ये २००३-०४ साली निरोगी तरुणांना ५६ दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले असता, ज्यांना पट्ट्यांच्या ताणाविरुद्ध जोर लावत कंपनाचा व्यायाम दिला गेला त्यांचे पायांचे स्नायू आणि हाडे इतरांपेक्षा बरीच टिकली. इथेही कंपन एकटे नव्हते. सोबत पट्ट्यांचा ताण होता.

हाडांच्या घनतेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि खरेदीत फसगत होते ती बहुधा इथेच. २००१ मध्ये मेंढ्यांवरील एक प्रयोग गाजला: गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट इतके सौम्य कंपन रोज २० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर दिल्यावर मांडीच्या हाडाच्या आतील जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. ३० हर्ट्झवर ०.३ पट म्हणजे मिलिमीटरचा सहावा भाग, पायाला जेमतेम जाणवेल इतके. नुसते उभे राहा आणि हाडे भक्कम करा, ही कल्पना कोणालाही आवडेल अशीच होती. परंतु टोरांटोमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रियांवर १२ महिने हीच मात्रा तपासली तेव्हा हाडांची घनता सुधारली नाही. ते निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट २००४ च्या एका बेल्जियन चाचणीत ३५ ते ४० हर्ट्झच्या जोरदार पाट्यावर सहा महिने पायांचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याची घनता ०.९३ टक्क्याने वाढली. वाढ झाली, पण एवढीशी, आणि तीही घाम गाळून. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्यांनी यंत्राच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करू नयेत.

पक्षाघातानंतर तोल सावरण्यासाठी सहा आठवडे दिलेले कंपन हे संगीताच्या तालावर करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. पार्किन्सन, म्हणजे कंपवात, या आजाराबाबतचा इतिहास तर मजेशीरच आहे. घोडागाडीतून आणि आगगाडीतून लांबचा प्रवास करून आलेले रुग्ण बरे वाटते असे सांगतात, हे पाहून पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी कंप पावणारी खुर्ची वापरात आणली आणि १८९२ मध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. सुमारे १२० वर्षांनी आधुनिक उपकरणाने त्याच कल्पनेची चाचणी झाली, तेव्हा कंपन मिळालेले आणि न मिळालेले असे दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. आरामात बसणे आणि कोणीतरी आपली काळजी घेणे यांचा परिणाम मोठा असतो. यंत्र विकत घेण्यापूर्वी दहा मिनिटे वापरून ‘एकदम हलके वाटले’ या अनुभवावर निर्णय घेऊ नये, तो याच कारणासाठी.

पाट्यावर कोणी चढू नये

गर्भवती स्त्रिया, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी झालेले किंवा तसा संशय असलेले, पेसमेकर बसवलेले, नुकतेच हाड मोडलेले किंवा शस्त्रक्रिया झालेले, मणक्यातील गादी सरकून सध्या पायात कळ येणारे, मूत्रपिंडात वा पित्ताशयात खडे असलेले, अपस्माराचे झटके येणारे आणि डोळ्यांच्या पडद्याचा विकार असलेले, या सर्वांनी डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय हे यंत्र वापरू नये. कृत्रिम गुडघा किंवा खुबा बसवलेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनाच विचारावे. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेलेल्यांनी, पायाला जखम नाही ना, हे दर वेळी डोळ्यांनी पाहावे, कारण पाय त्यांना सांगणार नाही.

प्रत्यक्ष वापर

ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांना वर्षानुवर्षे सीटमधून बसणाऱ्या हादऱ्यांनी कंबरदुखी जडते हे सर्वज्ञात आहे, आणि म्हणूनच युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी कंपनाची कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति वर्ग सेकंद अशी घालून दिलेली आहे. मोजण्याची रीत वेगळी असल्याने पाट्याचे आकडे तिच्याशी थेट ताडून पाहता येत नाहीत. तरी बोध घेण्यासारखा आहे. पाट्यावरचे कंपन मिनिटांपुरतेच असावे, आणि ते मणक्यापर्यंत पोहोचण्याआधी घोट्यांनी व गुडघ्यांनी जिरवलेले असावे. पाट्यावर बसू नये, आणि गुडघे ताठ ठेवून तर कधीच उभे राहू नये.

पातळ तळव्याचे बूट घालावेत किंवा अनवाणी उभे राहावे. जाड, मऊ तळवा कंपन आधीच गिळतो. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, गुडघे किंचित वाकवून, टाचांवरचा भार थोडा चवड्यांकडे आणून उभे राहावे आणि यंत्र सर्वांत कमी पातळीवर चालू करावे. आता एक हात डोक्यावर सपाट ठेवावा. डोक्याला थरथर जाणवली, दात वाजू लागले किंवा समोरचे अक्षर अस्पष्ट दिसले, तर गुडघे अजून वाकवावेत. जिथे थरथर मांडीपर्यंत येऊन विरते, ती स्थिती आपली. सुरुवातीला या स्थितीत ३० सेकंद उभे राहून एक मिनिट विश्रांती, असे पाच-सहा वेळा पुरे, आणि आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. दोन आठवडे हे त्रास न होता जमल्यावर संथ उठाबशा, टाचा उचलून चवड्यांवर येणे, मग एका पायावर तोल, असे एकेक वाढवावे. कंपनाचा जोर मात्र सर्वांत शेवटी वाढवावा. तोल जाण्याची भीती असणाऱ्यांनी दांडीला बोटे टेकवून ठेवावीत, पण दांडीवर भार टाकू नये, कारण मग पायांचे काम हात करतात.

पहिल्या काही वेळा पोटऱ्यांना आणि मांड्यांना खाज सुटते व त्वचा लालसर होते. त्वचेतील रक्तप्रवाह वाढल्याने हे घडते आणि थोड्या वेळात जाते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, कंबरेतून पायात उतरणारी कळ किंवा सांध्याला सूज आली, तर मात्र त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

सुरू करण्याआधी एक मोजणी करून ठेवावी. पाठ सरळ असलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. आठ आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजावे. आकडा वाढला असेल तर एक महिना यंत्र बंद ठेवून त्याच उठाबशा जमिनीवर, हातात थोडे वजन घेऊन कराव्यात आणि तिसऱ्यांदा मोजावे; तेव्हाही तो तितकाच वाढत असेल, तर यंत्र ज्याला वजन पेलवत नाही अशा घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यावे.